डॉक्टरला संशोधक व्हायचं असेल तर पैसा कुठून आणि वेळ कुठून?

शिरीषफूल
नमस्कार मंडळी. इथे डॉक्टर आहेत, प्रयोगशाळेत काम करणारे आहेत, परदेशात स्थिरावलेलेही आहेत, म्हणून हा धागा काढतेय. एक निर्णय घ्यायचाय आणि एकटीने विचार करून करून डोकं बधिर झालंय.

मी मराठवाड्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिनची सहायक प्राध्यापक. वय ३७. एमबीबीएस, बॉण्ड, लग्न, एमडी, पुन्हा बॉण्ड, लेक, या क्रमाने इथवर आले. पाऊस लागला, पेरण्या सुरू झाल्या की आमच्या कॅज्युअल्टीत घोणस चावलेले पेशंट यायला लागतात. कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हात न लावता ठेवायचं आणि मग नळी तिरकी करून बघायची. गोठलेलं असेल तर जीव भांड्यात पडतो. पाण्यासारखं वाहिलं तर अँटीव्हेनम सुरू. बहुतेक वेळा रक्त पुन्हा गोठायला लागतं, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी कमी होते. काहींना डायलिसिस लागतं. मग लघवी सुटते, किडनीचा बिघाड दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन खाली येतं आणि आपण डिस्चार्ज कार्डावर ‘प्रकृती सुधारली’ लिहून घरी पाठवतो.

चार वर्षांपूर्वी असाच घरी पाठवलेला एक शेतकरी वर्षाभराने पाय सुजून परत आला. क्रिएटिनिन ५.८. कार्डावर सही माझीच होती. तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात आहे: घोणस चावून ‘बरे’ झालेल्यांपैकी कुणाची किडनी पुढे हळूहळू निकामी होणार, हे पहिल्या आठवड्यातच ओळखता येईल का? भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यात फक्त मेलेले मोजलेत. जगले त्यांच्या मूत्रपिंडांचं पुढे काय झालं, हे आमच्या भागात तरी कुणी मांडून ठेवलेलं नाही.

मी कामाला लागले. एथिक्स कमिटीची परवानगी काढली, खिशातून क्रायोव्हायल (नमुने गोठवून ठेवायच्या नळ्या) घेतल्या, ६८ पेशंटचं रक्त आणि लघवी साठवली. दुसऱ्या एका विभागाने त्यांच्या जुन्या उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये एक कप्पा दिला होता. गेल्या वर्षी एका शनिवारी रात्री वीज गेली. जनरेटरची लाइन आयसीयू आणि ओटीला आहे, त्या खोलीला नाही. सोमवारी सकाळी दार उघडलं तर खोके ओले, लेबलांवरची शाई ओघळलेली. चौदा महिन्यांचं काम गेलं. त्या दिवशी ओपीडीत १८० पेशंट होते. ते तपासले आणि घरी जाऊन रडले.

आता मुद्दा. हैदराबादच्या इंडिया अलायन्सच्या फेलोशिपबद्दल वाचतेय. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट मिळून २००८-०९ पासून ही योजना चालवतात. डॉक्टर आणि सार्वजनिक आरोग्यवाल्यांसाठी त्यात वेगळा गट आहे. पाच वर्षांचं काम, वयाची अट नाही. ही शेवटची गोष्ट वाचून किती हलकं वाटलं ते या फोरमवरच्या बायकांना कळेल. मागच्या ऑक्टोबरात, म्हणजे २०२५ मध्ये, मंत्रिमंडळाने तिसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली: १५०० कोटी, त्यात १००० कोटी आपल्या सरकारचे आणि ५०० कोटी वेलकमचे. थोडक्यात, दार उघडं आहे.

माझे प्रश्न: पैसे मिळाले तरी वेळ कोण देणार? वॉर्ड, ओपीडी, लेक्चर, परीक्षा, अपंगत्वाचे दाखले, व्हीआयपी ड्युटी यातून संशोधनाला दिवस कसा काढायचा? आणि पाच वर्षं संपल्यावर मी कुठे असेन? ज्यांनी हे केलंय, जवळून पाहिलंय किंवा अर्ध्यावर सोडलंय, त्यांनी मोकळेपणाने लिहा.

कृष्णाकाठ
महत्त्वाचा धागा, ताई. एमबीबीएसला असताना आयसीएमआरची दोन महिन्यांची एसटीएस, म्हणजे विद्यार्थ्यांसाठीची संशोधन योजना, केली होती. ती योजना १९७९ पासून आहे आणि माझ्यासारख्या कित्येकांना संशोधनाची पहिली चव तिनेच दिली. दुःख हे की त्यानंतरची पायरी मला कधी दिसलीच नाही. एमडीचा थीसिस बांधून ग्रंथालयात गेला तो गेलाच. वाचतोय.

अटलांटिकपार
शिरीषफूल, तुमच्या फ्रीझरबद्दल वाचून पोटात कालवलं.

मी नागपूरचा, नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीचा डॉक्टर), गेली चौदा वर्षं अमेरिकेत. इथली व्यवस्था जरा सविस्तर सांगतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे वेळेचं, उत्तर या लोकांनी नियमातच लिहून ठेवलंय.

इथे एनआयएचच्या, म्हणजे अमेरिकी सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेच्या, ‘के’ मालिकेतल्या ग्रँट असतात. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या डॉक्टरांसाठी के०८, पेशंटवर थेट संशोधन करणाऱ्यांसाठी के२३. दोन्हींची मुख्य अट एकच: कामाच्या वेळेतला किमान ७५ टक्के वेळ संशोधनाला. हे तुमच्या विभागप्रमुखाने लेखी द्यावं लागतं, नाहीतर अर्ज पुढे सरकत नाही. काही सर्जिकल शाखांना ५० टक्क्यांची सवलत मिळते, कारण हात चालता राहिला नाही तर सर्जन संपतो. म्हणजे ही ग्रँट मुळात यंत्रांसाठी नाहीच. संस्थेकडून डॉक्टरचा वेळ विकत घेण्यासाठी आहे. यंत्रं आणि रसायनांना त्यातून मिळणारी रक्कम तशी किरकोळच.

मला के२३ मिळाली तेव्हा आठवड्यात एक दिवस क्लिनिक आणि वर्षात काही आठवडे वॉर्ड, एवढंच ठरलं होतं. सहाच महिन्यांत एक सहकारी सोडून गेला आणि ‘फक्त दोन महिने’ म्हणत माझं क्लिनिक दुप्पट झालं. माझ्या मेंटरने काय केलं? मंजुरीपत्राची प्रत घेऊन तो विभागप्रमुखाकडे गेला आणि ७५ टक्क्यांच्या ओळीवर बोट ठेवलं. पुढच्या सोमवारी माझं जादा क्लिनिक रद्द. ती ओळ कागदावर नसती तर मेंटरच्या शब्दाला काहीच वजन राहिलं नसतं. म्हणून सांगतो, तोंडी होकारावर विसंबू नका.

आता अडचणी. के०८ आणि के२३ ला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. आपल्याकडून व्हिसावर आलेल्या डॉक्टरांना ते मिळेपर्यंत उमेदीची वर्षं निघून जातात. त्यांच्यासाठी के९९/आर०० हा एक मार्ग आहे, त्याला नागरिकत्वाची अट नाही. पहिली दोनेक वर्षं मेंटरच्या छायेत, नंतर तीन वर्षं स्वतःच्या पायावर. दुसरा टप्पा सुरू व्हायला मात्र कुठल्या तरी विद्यापीठाने सहायक प्राध्यापकाची नोकरी द्यावी लागते. २००६ पासूनच्या या योजनेतली ही गोष्ट मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. पैसा आणि नोकरी एकाच दोरीत गुंफली आहे.

आणि ‘के’ संपली की पुढे आर०१, म्हणजे खरीखुरी स्वतंत्र ग्रँट. या दोन्हींच्या मधल्या दरीत माझे निम्मे मित्र पडले. डॉक्टर माणूस पहिल्या आर०१ पर्यंत पोचतो तेव्हा चाळिशी उलटलेली असते. खासगी प्रॅक्टिसमध्ये दुप्पट-तिप्पट पैसा समोर दिसत असतो, घराचे हप्ते असतात. जेम्स वाईनगार्डन या डॉक्टरने १९७९ साली इशारा दिला होता की क्लिनिकल संशोधक ही नामशेष होऊ घातलेली जमात आहे. पुढे तेच एनआयएचचे संचालक झाले, तरी उतरण थांबली नाही. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या डॉक्टरांपैकी ४.७ टक्के मुख्यतः संशोधन करत, ते प्रमाण दीड टक्क्यावर आलं. २०१४ च्या एनआयएचच्या अहवालात असे जेमतेम १४ हजार लोक मोजले गेले. त्यात २०२५ मध्ये एनआयएचच्या कित्येक ग्रँट मधेच रद्द झाल्या. इथे सगळं आलबेल आहे या समजुतीने कुणी निघू नये.

टेम्सकिनारा
ब्रिटनची थोडी भर घालते. इथे २००५ च्या वॉलपोर्ट अहवालानंतर शिक्षण आणि संशोधन एकत्र बांधलं गेलं. अकॅडमिक क्लिनिकल फेलो (एसीएफ) झालं की स्पेशालिटी ट्रेनिंग चालू असतानाच २५ टक्के वेळ संशोधनाला, पीएचडीनंतर क्लिनिकल लेक्चरर झालं की ५० टक्के. ड्युट्यांचा रोटा करणाऱ्यालाच माहीत असतं की ही व्यक्ती अमुक महिने वॉर्डात नसणार. कुणाची मनधरणी करावी लागत नाही. मी पीडियाट्रिक्समध्ये एसीएफ केली. फायदा एकच सांगते: वयाच्या तिशीत कळलं की मला संशोधन जमतं आणि आवडतं. तुम्हाला तेच सदतिसाव्या वर्षी स्वतःच्या पैशाने क्रायोव्हायल घेऊन कळलंय.

तालुक्याचा डॉक्टर
माझं मत वेगळं आहे, राग नसावा.

मी ग्रामीण रुग्णालयात बावीस वर्षं काढली. मेडिसिनच्या तज्ज्ञाचं पद कित्येक वर्षं रिकामं होतं. तुमच्यासारखी एमडी झालेली बाई वॉर्डात उभी आहे हेच आमच्या पेशंटचं नशीब. तुम्ही ७५ टक्के वेळ प्रयोगशाळेत घालवलात तर रात्री दोनला घोणस चावलेल्याची नळी तिरकी करून कोण बघणार? तीन महिन्यांपूर्वी पास झालेला इंटर्न?

आणि दुसरं. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी महाडमध्ये बसून लाल विंचवाच्या दंशावर काम केलं. ना मोठी संस्था, ना मेंटर, ना राखीव वेळ. प्राझोसिन या औषधाने विंचूदंशाचे मृत्यू चाळीस टक्क्यांच्या आसपास होते ते एक टक्क्यावर आले. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने छापलं, २०२२ ला पद्मश्री मिळाली. ज्याच्या अंगात असतं तो करतोच. फेलोशिप लागते का?

पुलाखालून
तालुक्याचे डॉक्टर, बावस्कर सरांबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. कोकणात आमच्या घरातलं एक माणूस त्या औषधामुळे वाचलंय. पण ‘ज्याच्या अंगात असतं तो करतोच’ हे पटत नाही. जे करू शकले ते आपल्याला दिसतात. ज्यांची चौदा महिन्यांची खोकी वितळली आणि ज्यांनी नाद सोडला ते दिसत नाहीत.

डॉ. नंदी आणि सहकाऱ्यांनी २००५ ते २०१४ या दहा वर्षांतलं भारतातल्या वैद्यकीय संस्थांचं संशोधन मोजलं होतं. ५७९ संस्था. त्यातल्या ३३२, म्हणजे ५७ टक्के, संस्थांच्या नावावर दहा वर्षांत एकही शोधनिबंध नाही. वर्षाला शंभरावर निबंध देणाऱ्या संस्था फक्त २५. त्या ३३२ कॉलेजांत एकाही डॉक्टरला कधी प्रश्न पडला नसेल, असं तुम्हाला खरंच वाटतं?

शिवाय बावस्करांचा प्रश्न डोळ्याने, हाताने, ब्लडप्रेशरच्या यंत्राने सुटण्यासारखा होता आणि उत्तर काही तासांत दिसत होतं. शिरीषफूल ताईंना पेशंट पाच वर्षं धरून ठेवायचेत. रात्री जागून एकटीला ते होणार नाही.

मुळामुठा
पुलाखालून यांच्या शेवटच्या वाक्याला पुण्यातलं उदाहरण जोडतो, कारण मी त्या कामाच्या कडेकडेने काही वर्षं वावरलोय.

डॉ. चित्तरंजन याज्ञिक ऑक्सफर्डहून परत येऊन पुण्याच्या केईएममध्ये डायबेटिसचं काम करायला लागले. १९९३ मध्ये त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला, वेलकम ट्रस्टच्या पैशावर. सातशेहून जास्त बाळं जन्मली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. आपली बाळं हाडकुळी, स्नायू कमी, पण चरबी मात्र जवळपास तेवढीच टिकून. जन्मतःच बारीक आणि तरी चरबीयुक्त, हा विचार तिथून जगभर गेला. पुढे ती मुलं शाळेत गेली, तरुण झाली, त्यांची लग्नं झाली, आणि तपासण्या चालू राहिल्या.

हे झालं कारण पैसा तुकड्यातुकड्याने का होईना, पण दशकानुदशकं येत राहिला आणि गावात घरोघरी जाणाऱ्या बायका त्याच राहिल्या. दर तीन वर्षांनी प्रोजेक्ट बंद करून माणसं घरी पाठवायला लागली असती तर दुसऱ्या फेरीलाच निम्मी कुटुंबं हरवली असती. ताई, अर्जात पेशंटचा पाठपुरावा करणाऱ्या माणसांसाठी भरपूर पैसा मागा. यंत्र एकदा कमी घेतलं तरी चालेल.

पेट्रीडिश
मी डॉक्टर नाही, बायोकेमिस्ट्रीत पीएचडी. आमच्या बाजूची एक गोष्ट कबूल करते.

मोठ्या संस्थांतल्या आम्हा लोकांना पेशंटचे नमुने हवे असतात. मग जिल्ह्यातला एखादा उत्साही डॉक्टर शोधतो, त्याला क्रायोव्हायल आणि कोरडा बर्फ पाठवतो, तो दोन वर्षं नमुने गोळा करतो आणि निबंधात त्याचं नाव सातव्या क्रमांकावर येतं. प्रश्न आमचा, विश्लेषण आमचं, ग्रँट आमची. अशी दहा वर्षं घालवलेले डॉक्टर मला माहीत आहेत. नावावर वीस निबंध, पण एकही प्रश्न स्वतःचा नाही. मुलाखतीच्या समितीने विचारलं की यातली तुमची कल्पना कोणती, तर गप्प.

शिरीषफूल, तुमच्याकडे स्वतःचा प्रश्न आहे, तो कुणाला देऊन टाकू नका. सहकारी जरूर शोधा. बायोमार्कर (आजाराची खूण देणारे रक्त-लघवीतले घटक) मोजणारी प्रयोगशाळा तुमच्याकडे नसणार आणि नसली तरी बिघडत नाही. पण डेटा कुणाकडे राहणार, पहिलं आणि शेवटचं नाव कुणाचं, हे पहिला नमुना पाठवायच्या आधी कागदावर घ्या. तुमच्या कॉलेजात आरोग्य संशोधन विभागाचं एमआरयू आहे का तेही बघा. २०१३ पासून सरकारी मेडिकल कॉलेजांना ही बहुविद्याशाखीय संशोधन युनिटं मिळालीत, उपकरणं आणि बांधकामासाठी ५.२५ कोटींपर्यंत. असलं तर चांगला फ्रीझर तिथेच सापडेल.

गोदावरी लेखा
मी एका संस्थेच्या प्रोजेक्ट सेलमध्ये लेखा विभागात आहे. डॉक्टर मंडळी पैसा मिळेपर्यंतचं बोलतात, मी मिळाल्यानंतरचं सांगतो.

एक. कॉलेजात प्रोजेक्टचं वेगळं खातं आणि पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी निधीच्या ऑनलाइन यंत्रणेवर, नोंदणी आहे का, हे आजच विचारा. मंजुरी आल्यावर खातं उघडायला धावाल तर पहिला हप्ता अडकेल. आमच्याकडे एका डॉक्टरांनी हप्ता जूनमध्ये येणार म्हणून माणूस नेमला, पैसे ऑक्टोबरात आले. चार महिने त्या मुलाचा पगार त्यांनी स्वतःच्या खिशातून दिला.

दोन. सरकारी पैशाला उपयोगिता प्रमाणपत्र आणि खर्चाचं विवरणपत्र वेळेवर गेलं नाही तर पुढचा हप्ता येत नाही. केंद्राच्या वित्तीय नियमांतला जीएफआर १२-ए चा नमुना डोळ्यासमोर ठेवा. त्यावर सही तुमची एकटीची नसते, म्हणून एप्रिलमध्ये साहेब रजेवर जायच्या आत कागद तयार हवा.

तीन, खरेदी. जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, स्टेथोस्कोप मिळतो. तुम्हाला हवं ते विशिष्ट किट बऱ्याचदा मिळत नाही किंवा भलतंच गळ्यात पडतं. केंद्राने जून २०२५ मध्ये वैज्ञानिक संस्थांसाठी नियम सैल केले, थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख झाली. ते केंद्राच्या संस्थांपुरतं आहे. राज्याच्या कॉलेजात राज्याचे खरेदी नियम लागतील, तेव्हा तुमच्या भांडारपालाशी आधीच बोला.

इंडिया अलायन्सच्या तिसऱ्या टप्प्यात संशोधन व्यवस्थापनाचा वेगळा कार्यक्रम ठेवलाय, हे वाचून मला मनापासून बरं वाटलं. आमच्यासारख्या माणसांना प्रशिक्षण मिळालं तर डॉक्टरचे महिन्यातले चार दिवस वाचतील. वेळ ओपीडीतच जातो असं नाही, आमच्या टेबलासमोर उभं राहण्यातही जातो.

रानजाई
मी डॉक्टर नाही आणि यातलं फारसं कळत नाही. माझ्या वडिलांना २०१७ साली भाताच्या खाचरात घोणस चावली होती. सगळे म्हणाले वाचले, देवाची कृपा. २०२० पासून ते आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात. दरवर्षी लघवी तपासा असं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ताई, तुम्ही हे काम कराच.

शिरीषफूल
रानजाई, तुमचा प्रतिसाद परवा वाचला आणि त्या दिवशी काहीच लिहिता आलं नाही. बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांचे तेव्हाचे कागद असतील तर जपून ठेवा.

तालुक्याचे डॉक्टर, तुमचा राग आला नाही. रात्री दोनला नळी कोण बघणार, हाच प्रश्न मी रोज स्वतःला विचारते. माझं म्हणणं एवढंच की मला वॉर्ड सोडायचाच नाही. माझा प्रश्न वॉर्डातूनच निघालाय. फेलोशिपमधून माझा पगार निघाला तर वाचलेल्या पैशात कॉलेजने कंत्राटी फिजिशियन घ्यावा, अशी मांडणी मी करणार आहे. आज मी दाखले आणि परीक्षा ड्युटीत जेवढे तास घालवते त्यातला एकही पेशंटच्या कामी येत नाही. आधी ते तास काढून घ्या, मग वॉर्डातला.

अटलांटिकपार, पेट्रीडिश, गोदावरी, मुळामुठा, तुम्ही लिहिलेलं सगळं वहीत उतरवून घेतलंय.

तालुक्याचा डॉक्टर
कंत्राटी फिजिशियनची अट कॉलेजने लेखी मान्य केली तर माझा विरोध नाही. आणि पाठपुराव्यासाठी पेशंट शोधायचे असतील तर आमच्या तालुक्यातले मी शोधून देईन. आशाताईंना घरं माहीत आहेत.

अटलांटिकपार
अर्जाबद्दल थोडं. मी भारतातली फेलोशिप केलेली नाही, पण इथल्या समित्यांवर बसलोय. डॉक्टरांचे अर्ज तीन ठिकाणी मार खातात. पहिलं, प्रश्न अख्ख्या जगाचा असतो आणि पेशंट पन्नास. तुमचा प्रश्न नेमका आहे, त्याला फुगवू नका. दुसरं, मेंटर नावापुरता, ज्याने अर्ज वाचलेलाही नाही. नेफ्रॉलॉजीतला एक आणि संख्याशास्त्रातला एक, असे दोघे धरा, आणि महिन्यातून कधी भेटणार ते लिहा. तिसरं, वितळलेल्या नमुन्यांसारख्या गोष्टी लपवल्या जातात. तुम्ही लिहा. काय झालं, त्यातून साठवणुकीची कोणती पद्धत बदलली आणि नमुने गेले तरी हातात काय उरलं. ६८ पेशंटची क्लिनिकल माहिती शाबूत आहे ना?

शिरीषफूल
हो, ती माझ्या लॅपटॉपवर आणि कागदावर दोन्हीकडे आहे. फोन नंबरही आहेत.

अटलांटिकपार
मग तुमचा प्राथमिक डेटा गेलेलाच नाही. त्या ६८ जणांना बोलवा. साधं क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन, ब्लडप्रेशर. याला उणे ऐंशी लागत नाही. वर्षा-दीड वर्षाने किती जणांची किडनी बिघडली हा आकडा अर्जाच्या पहिल्या पानावर टाका.

शिरीषफूल
पाच आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.

डीन सरांना भेटले. पहिल्या भेटीत ते म्हणाले, ‘करा की, आमची काही हरकत नाही.’ मी टाइप केलेलं पत्र पुढे ठेवलं आणि लेखी मागितलं. पत्रात तीन गोष्टी होत्या. फेलोशिप मिळाल्यास आठवड्यातले नक्की कोणते दिवस ओपीडी आणि वॉर्ड. परीक्षा आणि दाखल्यांच्या ड्युटीतून सूट. आणि कंत्राटी फिजिशियनचा प्रस्ताव संचालनालयाकडे पाठवणं. पत्र पंधरा दिवस फिरलं. पहिल्या दोन गोष्टींवर सही झाली, तिसरी ‘मार्गदर्शनार्थ सादर’ होऊन मुंबईला गेलीय. होईपर्यंत खरं नाही, पण फाइलला नंबर पडलाय.

एक गोष्ट मात्र लगेच मिळाली. दर शनिवारी सर्पदंशातून बरे झालेल्यांची वेगळी ओपीडी सुरू झाली. ती माझ्या नेहमीच्या ओपीडीतच धरली जाते, त्यामुळे वेळेचा वाद नाही. ६८ पैकी ५२ जणांचे फोन लागले. तालुक्याच्या डॉक्टरांनी त्यांच्या भागातले सात जण स्वतः पाठवले, दोघांना तर त्यांच्या गाडीतून. काल चौथा शनिवार होता. आतापर्यंत ३३ जण येऊन गेले. त्यांतल्या सहा जणांच्या लघवीत प्रोटीन सापडलं आणि त्या सहांपैकी एकालाही काही त्रास होत नव्हता. चौघांचं ब्लडप्रेशरही जास्त होतं, त्यांना औषध सुरू केलं. एक आजी म्हणाल्या, ‘साप चावून दोन वर्सं झाली, आता कशाला बोलिवलं बाई?’ त्यांचं क्रिएटिनिन २.१ आहे.

प्राथमिक अर्जाचा मसुदा नऊ पानांवर गेलाय, तो कमी करायचाय. पेट्रीडिश, तुमच्याशी व्यक्तिगत निरोपात बोलल्याप्रमाणे नमुन्यांच्या कराराचा कच्चा मसुदा आज पाठवते. गोदावरी, बजेटमध्ये एक शंका. एमआरयूचा फ्रीझर मिळतोय आणि त्याला जनरेटरची लाइन आहे, मी स्वतः मेन स्विच पाडून बघितलं. तरी तापमान वाढलं की मोबाइलवर मेसेज येणारा अलार्म बसवायचाय. तो उपकरणात दाखवू की आवर्ती खर्चात?

गोदावरी लेखा
अलार्म उपकरणात. सिमकार्डचं महिन्याचं बिल आवर्ती खर्चात, पाचही वर्षांचं दाखवा. देखभाल करार वेगळ्या ओळीत. बजेटचा तक्ता पाठवा, आज रात्री बघून ठेवतो.